गनिमी प्रतिकार आणि नगरविजय : व्यूहखेळांच्या संहितेचा एक विचार

व्यूहप्रधान संगणकीय खेळ ही नियमांत लिहिलेली कथनसंहिता होय. युद्धाविषयीची तिची भूमिका चित्रांपेक्षा नियमांतून अधिक उघड होते. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या पाचव्या भागात (२०१०) जिंकलेले नगर लोकसंख्येच्या प्रमाणात काही फेऱ्या प्रतिकारात राहते आणि मग तो प्रतिकार आपोआप मावळतो. जेत्यासमोर विलीनीकरण, मांडलिकत्व वा विध्वंस असे पर्याय ठेवलेले असतात. जितांसमोर एकही नाही. प्रतिकाराला येथे कर्ता नाही, केवळ मुदत आहे.

जबलपूर जिल्ह्यातील बरगी-बरेला टापूचा इतिहास या रचनेतील उणीव दाखवितो. जून १५६४ मध्ये बरेल्यानजीक नरई येथे गढा-मंडल्याची राणी दुर्गावती आणि अकबराचा सरदार आसफखान यांची गाठ पडली. अबुल फजलच्या ‘अकबरनाम्या’नुसार अरुंद घाटवाटेत मोगलांची पहिली चढाई मागे हटली. त्याच रात्री छापा घालावा, हा राणीचा आग्रह सल्लागारांनी मानला नाही. दुसऱ्या दिवशी आसफखानाचा तोफखाना येऊन पोहोचला आणि खिंडीचा लाभ संपला. जखमी राणीने शत्रूच्या हाती लागण्याऐवजी स्वतःचा अंत केला.

गनिमी काव्याला भूगोलाइतकीच सहमतीची गरज असते, हे या प्रसंगाचे मर्म. संगणकीय खेळात खेळाडूच्या आज्ञेला सल्लागार मोडता घालू शकत नाही. ‘छापा घाला’ म्हटले की छापा पडतो. त्यामुळे दुर्गावतीची शोकांतिका तेथे संभवतच नाही. त्या मानाने व्होल्को रुन्के यांचा ‘अँडियन अ‍ॅबिस’ (२०१२) हा कोलंबियातील संघर्षावरचा पटावरील खेळ अधिक प्रगल्भ वाटतो. त्यात बंडखोर सोंगटी भूमिगत असते, शोधमोहिमेने ती उघडी पडते, आणि प्रदेशागणिक जनतेचा कल स्वतंत्रपणे मोजला जातो.

नगरविजयाची बाजूही अशीच सपाट केली जाते. नरईनंतर चौरागड पडला, राजपुत्र वीरनारायण मारला गेला, जोहार झाला. मात्र हाती आलेल्या सुमारे हजार हत्तींपैकी आसफखानाने बादशहाकडे दोनशेच पाठविले. खेळात लूट थेट जेत्याच्या खजिन्यात जमा होते. मधला सरदार नियमांतून गळालेला असतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गविचारात हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांच्या नेमणुकीची जी चिंता आहे, तिचे कारण हेच. तट कितीही भक्कम असला तरी किल्ला आतल्या माणसांच्या निष्ठेवर उभा असतो. खेळ मात्र तटाचे गुण तेवढे मोजतो.

भूमीही तेथे स्थिर असते. पण ज्या नर्मदेच्या खोऱ्यात हे राज्य नांदले, त्यातील १६२ गावांना बरगी धरणाच्या जलाशयाची झळ पोहोचली. खिंड, नाला, अरण्य यांना कायमचे गुण वाटून देणारा नकाशा या खोऱ्याला अपुरा पडतो. नरईचा डाव मांडू पाहणाऱ्या रचनाकाराने तोफांच्या माऱ्याचे आकडे नंतर ठरवावेत. राणीच्या दरबारात नकार देण्याचा अधिकार कोणाला, हा नियम आधी लिहावा.