श्वासरोगाची प्रश्नावली आणि मराठी शब्द

फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या संशोधनात दोन साधने प्रमुख होत: श्वासमापक यंत्र आणि प्रश्नावली. यंत्र आकडे देते म्हणून ते भाषानिरपेक्ष, आणि प्रश्नावली तेवढी भाषांतरसापेक्ष, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची श्वासविषयक प्रश्नावली 1960 साली प्रसिद्ध झाली. तीत धापेच्या पायऱ्या सपाट रस्ता, सौम्य चढ व सुमारे शंभर यार्डांचे अंतर यांवरून ठरतात. तोरणा-राजगडाच्या परिसरातील विंझरसारख्या गावी ही मोजपट्टी लावली, तर प्रश्नाचे मराठी निर्दोष असूनही उत्तर फसवे येते. जेथे चढउतार नित्याचा, तेथे चढावरची धाप हे दुखणे मानले जात नाही. तो वाटेचाच धर्म समजला जातो. शब्दांचे भाषांतर होते, भूमीचे राहून जाते.

1991 साली सुरू झालेल्या बालदम्याच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पुणे व अकोला ही केंद्रेही होती. तिचा मध्यवर्ती प्रश्न छातीतून येणाऱ्या शिट्टीसारख्या आवाजाचा. त्याला मराठीत जवळचा शब्द 'घरघर'. परंतु 'घरघर लागणे' म्हणजे अंतकाळ जवळ येणे. मुलाला घरघर लागते काय, असे विचारल्यास कोणती आई सहजी होकार देईल? शब्दांची ही अडचण ओळखूनच त्या पाहणीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी चित्रफीतही योजण्यात आली होती.

आता यंत्राकडे वळू. पूर्ण श्वास भरून, तो एकदम जोराने सोडून, छाती रिती होईपर्यंत सोडीत राहावयाचे असते. पहिल्या सेकंदातील हवेचे एकूण हवेशी प्रमाण 0.70 पेक्षा कमी भरल्यास श्वासमार्गात अडथळा मानतात. मात्र सूचना बहुधा एवढीच दिली जाते: 'जोरात फुंका'. चुलीपुढे फुंकणी धरणाऱ्या स्त्रीच्या लेखी फुंकणे म्हणजे तुटक, आखूड फुंकर. श्वास असा अर्ध्यावर थांबला की एकूण हवा कमी भरते, प्रमाण वाढते आणि अडथळा झाकला जातो. एका क्रियापदाने आकडा बदलतो.

धूम्रपान न करणाऱ्यांतील दीर्घकालीन श्वासरोगाकडे संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मधून लक्ष वेधले; चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण. म्हणजे ज्या स्त्रियांचा रोग शोधावयाचा, त्यांनाच ही सूचना सर्वाधिक चकविते. 'फुंका' ऐवजी 'श्वास पुरता संपेपर्यंत सोडीत राहा' असे म्हणणे हा केवळ भाषाशुद्धीचा आग्रह नव्हे. तो मापनाचाच भाग होय.