मैदान झाडणाऱ्याचा हिशेब

क्रीडा व्यवस्थापन हा विषय आता विद्यापीठांत चांगलाच रुजला आहे. ऑलिम्पिक, आशियाई स्पर्धा, राष्ट्रकुल स्पर्धा अशा महास्पर्धांचे आयोजन, त्यांचा खर्च, प्रेक्षक, प्रायोजक आणि पर्यटन यांवर निबंध लिहिले जातात, प्रबंध सादर होतात. आमच्या सिंधुदुर्गातली मुलेही या विषयाकडे वळू लागली आहेत. म्हणूनच या संशोधनाची दलित चळवळीच्या भूमिकेतून तपासणी करणे मला अगत्याचे वाटते. 'खेळ हा आपला विषय नव्हे, आधी भाकरीचे बोला,' असे म्हणणारे कार्यकर्ते आहेत. पण जिथे शासनाचा पैसा आणि आपल्या माणसांचे श्रम ओतले जातात, तो विषय आपला नाही असे कसे म्हणता येईल?

हे सारे संशोधन म्हणजे भांडवलदारांची भाटगिरी, असे म्हणून ते मोडीत काढणे मात्र न्यायाचे होणार नाही. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी 2020 मध्ये दाखवून दिले की 1960 पासूनच्या प्रत्येक ऑलिम्पिकचा खर्च अंदाजपत्रकाच्या पलीकडे गेला; ही वाढ सरासरी 172 टक्के आहे. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकचे कर्ज तिथले लोक तीस वर्षे फेडत होते. स्पर्धांपायी उठवल्या गेलेल्या वस्त्यांचा शोध घेणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने 2007 च्या अहवालात सांगितले की वीस वर्षांत ऑलिम्पिकमुळे वीस लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. सत्ताधाऱ्यांना न रुचणारे असे सत्य या अभ्यासकांनी मांडले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या शास्त्राचा एक आवडता शब्द आहे 'हितसंबंधी घटक'. त्याच्या यादीत आयोजक असतात, खेळाडू असतात, प्रायोजक, प्रेक्षक, प्रसारमाध्यमे आणि यजमान शहराचे नागरिक असतात. हे 'नागरिक' जणू एकाच रंगाचे, एकाच उंचीचे! त्यांना जात नसते. दुसरा आवडता शब्द 'वारसा'. स्पर्धा संपल्यावर मागे काय उरते त्याला वारसा म्हणतात. वारसा हा शब्द कानी पडताच आम्ही विचारणार की वारस कोण? या देशात वाड्यांचा वारसा एकाकडे जातो आणि झाडूचा दुसऱ्याकडे. युरोप-अमेरिकेत घडवलेली ही परिभाषा आमचे संशोधक जशीच्या तशी उचलतात. त्यामुळे त्यांच्या तक्त्यांत सर्व काही मोजले जाते. मैदान झाडणारा तेवढा मोजायचा राहतो.

तो कधीच नव्हता असे नाही. पालवणकर बाळू हे नाव आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? कोकणातल्या गावावरून आडनाव घेतलेल्या चांभार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडीत होता, रोलर ओढीत होता. महिना तीन रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपये झाले. तिथे साहेबांना सरावासाठी तो तासन् तास गोलंदाजी करी. त्याच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. श्रम त्याचे, खेळ साहेबांचा! पुढे हिंदूंना गोऱ्यांविरुद्ध जिंकायचे होते म्हणून त्याला संघात घेतले. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सवर्णांना चालला. पण चहाच्या वेळी त्याला मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते मिळवायला 1923 साल उजाडावे लागले, आणि तेही त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना.

मुंबईचे चौरंगी सामने ही त्या काळातली मोठी क्रीडास्पर्धा होती. जिमखान्यांची मालकी, संघांची निवड, प्रेक्षकांची विभागणी हे सगळे धर्म आणि जातीच्या पायावर उभे होते. क्रीडा व्यवस्थापनाला भारतात स्वतःचा इतिहास हवा असेल तर तो इथून सुरू होतो. विठ्ठल पालवणकरांनी आपले आत्मकथन 1948 मध्ये मराठीत लिहून ठेवले. रामचंद्र गुहा यांनी 2002 मध्ये इंग्रजीत ही कहाणी विस्ताराने मांडली तेव्हा कुठे ती चर्चेत आली. आणि ते इतिहासकार, व्यवस्थापनाचे अभ्यासक नव्हेत. घरचे पुस्तक पन्नास वर्षे कपाटात आणि डोळे परदेशी नियतकालिकांकडे, याला कोणते संशोधन म्हणायचे?

याच बाळूंना 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, हेही लपवण्याचे कारण नाही. ते पराभूत झाले. निवडून आलेल्या बाबासाहेबांनी त्याच वर्षी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एका खेळाडूची कीर्ती प्रस्थापित पक्ष कशी वापरतो आणि कुळांच्या वेठीचा प्रश्न कोण हाती घेतो, यातला फरक कोकणातल्या माणसाने विसरू नये.

ही वेठ स्वातंत्र्यानंतर मैदानाच्या बांधकामावर पुन्हा भेटते. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांची बांधकामे चालू असताना मजुरांची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. जमादार त्यातला एक रुपया कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमॉक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून 18 सप्टेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे म्हणजे संविधानाच्या 23 व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी होय. महारकीच्या वेठीला ज्यांच्या पिढ्या जुंपल्या गेल्या, त्यांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. कायद्याच्या वर्गात तो शिकवतात. क्रीडा व्यवस्थापनाच्या वर्गात तो पहिल्या दिवशी शिकवला पाहिजे.

2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत एक पायरी आणखी ओलांडली गेली. आशियाई स्पर्धांत मजुरीतला रुपया कापला होता. इथे आमच्या नावाचा निधीच उचलला. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांच्या विकासासाठी राखून ठेवायचा विशेष घटक योजनेचा निधी दिल्ली सरकारने स्पर्धांच्या कामांकडे वळवला. माहितीच्या अधिकारात कागद मिळवून हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने ही रक्कम 744 कोटी रुपये असल्याचे दाखवले. राज्यसभेत तत्कालीन गृहमंत्री चिदंबरम यांनाही निधी वळवल्याचे मान्य करावे लागले. एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती, एखाद्या वस्तीची नळयोजना यांसाठीचा पैसा मैदानाच्या झगमगाटात गेला. या स्पर्धांवर निघालेला जो प्रबंध खर्चाचे तक्ते देतो पण ही एक ओळ देत नाही, त्याला तटस्थ म्हणता येणार नाही. मौनालाही जात असते.

आता आमच्या किनाऱ्याकडे पाहू. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरतात. महास्पर्धेच्या मानाने हे छोटे. पण अभ्यासाची पद्धत छोट्यावरच सुधारता येते. रूढ प्रश्नावली पर्यटकाला विचारते की किती दिवस राहिलात, किती खर्च केलात, पुन्हा याल काय? एवढ्यावर 'स्थानिक अर्थव्यवस्थेला लाभ' सिद्ध होतो. पण तो खर्च कोणाच्या दारात थांबला? ज्याच्या नावावर किनाऱ्यालगतची जागा, त्यालाच पर्यटकांसाठी खोल्या बांधता येतात. बौद्धवाडीतल्या किती सातबाऱ्यांवर किनारा आहे? रापण ओढणाऱ्या गाबितांचा स्पर्धेच्या दिवशीचा धंदा कोणी मोजला? दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूतल्या बाटल्या कोणी वेचल्या, किती रोजावर? सोहळा आणि वारसा यांतले अंतर मालवणला पुस्तकातून शिकावे लागत नाही. राजकोटवर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवपुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळलेला आम्ही पाहिला आहे.

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय 26 नोव्हेंबर 2025 रोजी झाला. 1949 मध्ये याच तारखेला संविधान स्वीकारले गेले, याची आठवण निदान आपण ठेवली पाहिजे. स्पर्धा होऊ नयेत असे मी म्हणत नाही. आमची मुलेही धावतात, पोहतात, कबड्डी खेळतात. त्यांनाही मैदाने हवीत. पण या विषयात संशोधन करणाऱ्या प्रत्येक दलित विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तीन प्रकरणे वाढवावीत. बांधकामावरच्या मजुरांचे हजेरीपट आणि त्यांना प्रत्यक्ष मिळालेली मजुरी. उठवलेल्या वस्त्यांची जातवार नोंद. आणि विशेष घटक योजनेच्या निधीचे वर्षावर्षाचे हिशेब. मार्गदर्शक म्हणतील की हे विषयाबाहेरचे आहे. त्यांच्यापुढे 1982 चा निकाल ठेवावा आणि माहितीच्या अधिकारातला अर्ज त्याच दिवशी टाकावा. स्पर्धा उरकल्यावर कागद मिळतात, पण तोवर पैसा गेलेला असतो.