बिऱ्हाड बदलण्यापूर्वी

गेल्या वैशाखात आमच्या मुलीने पुण्यास नवा आयफोन घेतला, आणि सुट्टीत घरी आली तेव्हा आपला जुना आयफोन माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या अँड्रॉइडला आता पेन्शनीत काढा. हा वापरा." जुना म्हणजे तीन वर्षांचा; काचेवर चरासुद्धा नव्हता. मी तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाटाच्या खणात ठेवून दिला. नवरात्र आले तरी तो तेथेच होता. मधल्या काळात घरात दोन पक्ष पडले. मुलगी आणि धाकटा मुलगा आयफोनचे. हिचा पक्ष "आहे तो बरा आहे की" एवढ्या एका वाक्याचा. मी अध्यक्ष, म्हणजे निर्णय पुढे ढकलणारा.

मॅट्रिकपुढे आमची विद्या गेली नाही, तेव्हा यंत्राच्या पोटातले मला काही कळते असा आव मी आणणार नाही. परंतु वर्गात मुले आणि घरी कादंबऱ्या, असा वीस वर्षांचा प्रपंच झाल्यामुळे परीक्षणे पुष्कळ वाचावी लागली आहेत, आणि कोणते परीक्षण कामाचे व कोणते नुसते पानभर, एवढे ओळखता येते. त्या सवयीने या फोनांची परीक्षणे मी वाचली, मुलाने दाखविली ती पाहिलीही. बहुतेकांचा साचा एकच. कॅमेरा किती ताकदीचा, बॅटरी किती तास, वजन किती ग्रॅम, आणि शेवटी पैसे वसूल होतात की नाही. उद्या कोणी माझ्या कादंबरीची पाने मोजून, कागदाची जाडी आणि बांधणी सांगून लेखणी खाली ठेवली तर त्याला आपण समीक्षक म्हणू का? आमच्या घरात फोटो काढण्याजोगे विषय दोन, तुळशीवृंदावन आणि मांजर. त्यांना एवढा कॅमेरा कशाला?

या परीक्षणांत मला जे हवे होते तेच नव्हते. दहा वर्षे एका वाड्यात संसार केलेल्या माणसाने दुसऱ्या वाड्यात जावयाचे म्हटले तर त्याच्या सामानाचे काय होते? ही परीक्षणे सड्याफटिंग माणसासाठी लिहिलेली आहेत. बिऱ्हाडकरूसाठी नव्हेत.

दोन्ही वाड्यांची कुळकथा थोडक्यात सांगतो. आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी जगाला दाखविला. यंत्र, यंत्रातली प्रणाली आणि ॲप विकण्याचे दुकान या तिन्हींचा मालक एकच, ॲपल कंपनी. अँड्रॉइडची गोष्ट निराळी. ते गूगलने २००५ साली विकत घेतले, त्यावर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला, आणि प्रणालीचा मूळ आराखडा कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवला गेला. त्यामुळे ज्याच्यापाशी कारखाना तो हा फोन बांधू शकला, आणि सात-आठ हजारांपासून लाखापर्यंत सर्व भावांत तो मिळू लागला. आपल्या देशात शंभरांतील नव्वदांहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत. आमच्या तालुक्याच्या गावी "फोन" म्हटले की तोच. दुसऱ्याला आवर्जून "आयफोन" म्हणावे लागते, आणि म्हणताना आवाज किंचित बदलतो.

एक गोष्ट मात्र आयफोनच्या पदरात निर्मळ मनाने घातली पाहिजे. २०१५ सालच्या आयफोन सिक्स-एसला २०२१ सालीसुद्धा नवी प्रणाली मिळाली होती. तेवढ्या काळात स्वस्तातले कितीतरी अँड्रॉइड फोन दोन-तीन वर्षांत पोरके झाले. बनविणाऱ्याने त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. गूगल आणि सॅमसंग यांनी २०२३-२४ मध्ये आपल्या वरच्या दर्जाच्या फोनांना सात वर्षांचे वचन दिले. पण मास्तराच्या खिशातला फोन वरच्या दर्जाचा नसतो. तेव्हा मुलीचे म्हणणे खोटे नव्हते.

खणातला फोन मी बाहेर काढला तो भाषेची परीक्षा घेण्यासाठी. कोणत्याही फोनवर पहिला शब्द मी "बिऱ्हाड" लिहून पाहतो. त्यातला तो चंद्रकोरीसारखा र आपल्या मराठीचा खास आहे. तो न उमटविता आला तर आचाऱ्यांना द्यावयाची दक्षिणा आचार्यांना जाते! दोन्ही फोनांवर तो उमटला. दोन्हीकडे आधी शोधावा लागला. ल आणि श यांचे मराठी वळण कसे असावे हे महाराष्ट्र शासनाने २००९ साली ठरवून दिले आहे. परंतु पडद्यावर ते तसे दिसेल की हिंदी वळणाने, हे आतला फाँट ठरवितो. यात मी दोघांनाही उत्तीर्ण केले, पहिला वर्ग मात्र कोणालाच दिला नाही.

वस्तुतः लिहिलेल्या मजकुराची मला धास्ती नव्हतीच, आणि याचे कारण एक जुने दुखणे आहे. माझी पहिली कादंबरी २००४ साली एका टंकलेखकाने संगणकावर चढविली. शेवटच्या दुरुस्त्या तेथेच पडद्यावर केल्या, तबकडी घेतली आणि निश्चिंत झालो. प्रकाशकाच्या संगणकावर ती उघडली तो मराठीचा मागमूस नाही. रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे यांचा नुसता सडा! त्या काळचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवीत. तो विशिष्ट फाँट नसला की चित्रे पुसली जात आणि खालची रोमन माती उघडी पडे. टंकलेखक गाव सोडून गेला होता, आणि त्या फाँटाचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. मी पेन्सिलीच्या कच्च्या खर्ड्यावरून कादंबरी पुन्हा उभी केली. दोन प्रकरणांचा खर्डाच नव्हता, ती आठवून लिहिली. पुढे एका परीक्षकाने नेमकी तीच दोन प्रकरणे सर्वांत सरस ठरविली, हे मला अजून लागून राहिले आहे.

आता तसे होत नाही. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला स्वतःची घरे आहेत, आणि ती भारताच्याच १९८८ च्या इस्की या संकेताच्या धर्तीवर बसविलेली आहेत. आपल्या वापरात ती यावयास पुढे बरीच वर्षे गेली, ही गोष्ट वेगळी. परंतु आज अँड्रॉइडवर लिहिलेला क आयफोनवर क-च राहतो. अक्षर कोणा एका वाड्याचे कूळ राहिलेले नाही. चालू कादंबरीची एकोणीस प्रकरणे मी स्वतःलाच ईमेलने धाडली आणि खणातल्या फोनवर उघडली. एक वेलांटी हलली नव्हती.

धास्ती होती ती आईच्या आवाजाची.

आई गावी भावाकडे असे. लिहिण्यावाचण्याशी तिचे फारसे सख्य नव्हते. पण पुतण्याने तिला व्हॉट्सॲपवरचे ध्वनिमुद्रणाचे बटण दाबून धरावयास शिकविले, आणि मग तिला कोणाचीच गरज उरली नाही. सकाळी पाऊस, दुपारी भावजयीची तक्रार, संध्याकाळी माझ्या प्रश्नांची उत्तरे. प्रश्न कादंबरीचे. मोटेच्या विहिरीवर माझे बालपण गेले नाही, तिचे गेले. नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, धावेवरून बैल उलटे येताना काय म्हणून हाकीत, हे मी लिहून विचारी. पुतण्या वाचून दाखवी. ती बोलून सांगे. तिला जाऊन दोन वर्षे झाली. तिचे तीनशेंवर निरोप त्या फोनात आहेत.

मुलीचा सल्ला साधा होता. "आधी या फोनवर तुमचा नंबर चालू करा, बाकीचे मागून आणू." दुसऱ्या गोष्टींत मी तिचे ऐकतो. परंतु या व्यवहारात आधी राहावयास जावे आणि सामान मागून आणावे, असे चालत नाही. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपची राखीव प्रत गूगलच्या कोठीत राहते, आयफोनवरची ॲपलच्या. एका कोठीची किल्ली दुसरीला लागत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनकडे सामान नेणारे ॲपलचे ॲप २०१५ पासून होते. ते नावे, नंबर, फोटो नेई. व्हॉट्सॲपचे संवाद त्यातून जाऊ लागले जून २०२२ मध्ये. तेव्हा अटी अशा होत्या की आयफोन कोरा किंवा पुसून कोरा केलेला असावा, नंबर तोच असावा, दोन्ही फोन विजेला जोडलेले असावेत. आणि कोणाला केव्हा फोन केला त्याची नोंद यायची नाही ती नाहीच. सात वर्षे हे दार बंद का होते? व्हॉट्सॲप या दोघांपैकी कोणाचेच नाही हे खरे. ट्रंक आपली, वाडा एकाचा आणि कुलूप तिसऱ्याचे, असा हा प्रकार. तरीही परसदार अरुंद ठेवण्यात कोणाचे तरी हित असते, हे काही मी संशयाने म्हणत नाही.

आयमेसेज ही ॲपलची स्वतःची निरोप-व्यवस्था. ती अँड्रॉइडला द्यावी की नाही यावर कंपनीत २०१३ साली चर्चा झाली, आणि तिचे कागद २०२१ साली अमेरिकेतील एका खटल्यात उघड झाले. एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे म्हणणे त्यात आहे. ते असे, की आयफोन वापरणारी कुटुंबे मुलांना अँड्रॉइड घेऊन देताना अडतात, तो अडसर अशाने निघून जाईल. कुटुंब हा शब्द मी घातलेला नाही, त्या कागदातच आहे. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका परिषदेत एका वार्ताहराने टिम कुक यांच्याकडे गाऱ्हाणे केले की, आईला काही चित्रफिती नीट पाठविता येत नाहीत. कुक यांचे उत्तर होते, आईला आयफोन घेऊन द्या. सभेत ते विनोद म्हणून खपले असेल. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने ॲपलवर मक्तेदारीचा दावा लावला तेव्हा हे उत्तरही फिर्यादीत नोंदविले गेले. माझ्या आईच्या बाबतीत तर तो उपायही आता उरलेला नाही.

दुसरा पक्ष सोवळा आहे असे समजू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तो अँड्रॉइडच्या जोरावर केलेल्या दांडगाईबद्दलच. वाडा खुला म्हणावयाचा आणि दिवाणखान्यात फर्निचर मात्र मालकाचेच, अशी ती तऱ्हा.

तथापि एका बाबतीत अँड्रॉइडला मी झुकते माप देईन. त्याची कोठी भाडेकरूला उघडता येते. वायर लावली, संगणकावर कप्पा उघडला, तो आईचे निरोप एकेक फाइल होऊन तारीखवार पडलेले. नातवंडे म्हणतील ते गाणे बासनात बांधावे तसे ते सारे मी उतरवून घेतले. आयफोनवर असा कप्पा उघडा सापडत नाही. जे मिळेल ते ॲपने हाती दिले तर. तेव्हा वाटले, झाले काम. रात्री एक फाइल लावली. आई म्हणाली, "हो, तेच. तसंच म्हणतात." दुसरी लावली. "नाही रे, ते वेगळं."

काय तेच? आणि काय वेगळे? तिचा आवाज आला होता, माझा प्रश्न मागे राहिला होता. तीनशे उत्तरे होती आणि ती कशाची, हे संवादाच्या त्या एका लांब चोपडीतच लिहिलेले होते. सामानाची यादी करताना आपण भांडी मोजतो. कोणते भांडे कोणत्या फडताळात होते ते कोणी लिहीत नाही. मला हवी होती ती मांडणी. ती सबंध जावयाची असेल तर कोऱ्या फोनात, पहिल्याच दिवशी, एका खेपेत. आणि मध्येच कोठे अडली तर काय, याची हमी देणारे परीक्षण मी अजून वाचलेले नाही.

माझा अभिप्राय असा. कृती म्हणून आयफोन अधिक रेखीव आहे, टिकाऊ आहे, आणि पाहुणा म्हणून मला तो आवडला. पण तो येणाऱ्याचे स्वागत जितक्या प्रेमाने करतो तितक्या प्रेमाने जाणाऱ्याला निरोप देत नाही. अँड्रॉइड ओबडधोबड आहे, त्याच्या भिंतींचा गिलावा लवकर पडतो, परंतु मागचे दार ढकलले की उघडते. ज्याच्यापाशी तीनशे निरोप नाहीत त्याने माझ्या मताकडे दुर्लक्ष करून खुशाल आयफोन घ्यावा. मी कादंबरीची शेवटची पाच प्रकरणे होईपर्यंत आहे तेथेच राहणार आहे. विहिरीचा भाग त्यांतच आहे, आणि दिवसातून दोनदा तरी मला ती चोपडी उघडावी लागते.

दसऱ्याला मुलगी आली. तिला हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आजीचे मलाही पाठवा ना काही." मग खणातला फोन तिने पुसून कोरा केला आणि आईच्या हाती दिला. हिच्यापाशी आजवर बटणांचा साधा फोन होता. हलवावयाचे सामान म्हणजे चाळीस-पन्नास नंबर. तीन दिवसांत ती त्या घरात रुळली. काल सकाळी ओटीवर वह्या तपासीत बसलो होतो, तो फोन वाजला. स्वयंपाकघरातून आलेला हिचा पहिला ध्वनिसंदेश होता. मागे फोडणीचा चर्रर्र आवाज, आणि वर, "अहो, चहा निवतोय."