चुंबकीय परिबल : व्याख्या पाठ, अर्थ दूर

चुंबकीय परिबल म्हणजे काय, असे विचारले की विद्यार्थी चटकन सांगतात : ‘ध्रुवशक्ती गुणिले चुंबकीय लांबी’. अनेक पुस्तकांत प्रकरणाची सुरुवातच या वाक्याने होते. गणिते सोडवण्यास ती पुरते. पण पहिली व्याख्या म्हणून ती योग्य नाही, असे आमचे मत आहे.

तिच्यातील दोन्ही राशी तपासून पाहू. चुंबक कितीही तोडला तरी एकटा ध्रुव हाती येत नाही. चुंबकीय लांबी ही पट्टीने मोजलेली लांबी नव्हे; ती त्या लांबीच्या सुमारे पाच-षष्ठांश धरावी, असे पुस्तकच सांगते. म्हणजे दोन मानीव राशींच्या आधाराने आपण एक खरी, मोजता येणारी राशी समजावतो!

कूलाँ यांनी १७८५ मध्ये लांब चुंबक वापरून ध्रुवांमधील बलाचा नियम मांडला, तेव्हा ही कल्पना उपयोगी पडली. पण १८२० मध्ये अर्स्टेड यांनी विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची वळते हे दाखवले आणि अँपिअर यांनी चुंबकत्वाचे मूळ प्रवाहात शोधले. प्रवाह वाहणाऱ्या वेटोळ्याचे परिबल म्हणजे प्रवाह गुणिले क्षेत्रफळ. तेथे ध्रुव कोठला आणि लांबी कोणती?

दोहोंना लागू पडणारा अर्थ साधा आहे. एकसमान चुंबकीय क्षेत्रात आडवी ठेवलेली वस्तू क्षेत्राच्या दिशेकडे किती जोराने वळू पाहते, याचे माप म्हणजे चुंबकीय परिबल. वस्तू क्षेत्राशी काटकोनात असताना टॉर्कला क्षेत्राने भागले की ते मिळते.

वर्गात हे दाखवता येते. दोन सारखे पट्टीचुंबक सजातीय ध्रुव एका बाजूला ठेवून घट्ट बांधा, दोऱ्याने आडवे टांगा आणि आंदोलने मोजा. मग एक चुंबक उलटा करून बांधा. वस्तुमान तेच, लांबी तीच; पण आंदोलने फार संथ होतात, कारण विरुद्ध दिशांची परिबले एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. परिबल ही सदिश राशी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढील वर्गांत तर हाच अर्थ तारतो. इलेक्ट्रॉनमध्ये ना दोन ध्रुव, ना तारेचे वेटोळे. तरी त्याचे परिबल सुमारे ९.२८ × १०⁻²⁴ अँपिअर-चौरस मीटर आहे. विद्युतभार शून्य असलेल्या न्यूट्रॉनलाही परिबल असते. म्हणून आधी अर्थ सांगावा. सूत्रे त्यामागून यावीत.