जुने वस्त्र आणि बोहारीण : एका नैतिक युक्तिवादाची चिकित्सा

वापरलेले वस्त्र विकत घेणे हा श्रमिकांच्या पिळवणुकीतून निर्माण होणाऱ्या मालाला नैतिक पर्याय होय, असे प्रतिपादन अलीकडे वारंवार करण्यात येते. त्याची पार्श्वभूमी गंभीर आहे. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य तयार कपडे शिवणारे कामगार होते. अशा मालाची मागणी आपल्याकडून वाढू नये, हा या युक्तिवादाचा गाभा. तो त्याज्य नव्हे. परंतु अपुरा आहे, आणि हे अपुरेपण शब्दांच्या साक्षीने दाखविता येते.

‘सेकंडहँड’ ही संज्ञा वस्तू दुसऱ्या हाती आली एवढेच सांगते. दोन हातांच्या मध्ये राबणारा तिसरा हात तीत दिसत नाही. झांबियातील बेंबा भाषेत अशा कपड्यांना ‘सलाउला’ म्हणतात. ढीग उपसून निवडणे, असा त्याचा अर्थ. कॅरन हॅन्सेन यांच्या २००० सालच्या ग्रंथाचे नावही तेच आहे. येथे दृष्टी ग्राहकाची आहे. मराठीत मात्र या व्यवहाराबरोबर एक व्यक्तीच उभी राहते. ‘जुनी लुगडी बोहारणीला दिली’ या वाक्यात तिसरा हात स्पष्ट आहे.

तरीही शब्दात असलेली ही व्यक्ती आपल्या नैतिक हिशेबात नसते. कसबा बावड्यासारख्या वस्तीत जीर्ण लुगड्यांची वाकळ होते. उरलेले कपडे भांड्याच्या मोबदल्यात जातात. त्या वेळी पातेले थोडे मोठे मिळावे म्हणून चालणारी घासाघीस हा गृहिणीचा गुणच मानला जातो. पुढे ते कपडे वाहून नेणे, निवडणे, धुणे, सांधणे आणि विकणे हे श्रम कोणाच्या हिशेबात धरावयाचे? दिल्लीतील वाघरी विक्रेत्यांच्या अशाच व्यवहाराचा अभ्यास ल्युसी नॉरिस यांनी २०१० साली ग्रंथरूपाने मांडला. जुन्या कपड्याचे मूल्य आपोआप टिकत नाही, ते श्रमाने पुन्हा निर्माण करावे लागते, हे त्यावरून ध्यानी येते.

घेतेवेळी नीती आणि देतेवेळी घासाघीस, ही विसंगती या युक्तिवादाच्या पुरस्कर्त्यांनी दूर केली पाहिजे. शिवणाऱ्या हातांविषयी जो प्रश्न आपण नव्या वस्त्रास विचारतो, तोच सांधणाऱ्या हातांविषयी जुन्या वस्त्रासही विचारावयास हवा. बोलींचा शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांनी उंबऱ्याच्या आतील शब्दांबरोबर बाहेर बसलेल्या बोहारणीचे शब्दही टिपावेत. तिचा हिशेब तिच्याच भाषेत प्रथम ऐकावा लागेल.