अपरांत, सुनापरांत आणि सीमांचा वाद

बौद्ध धम्माच्या प्रसाराविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक विधान इतक्या सहजतेने येते की त्याला आधार मागावा असे कोणाच्या मनात येत नाही. तिसऱ्या संगीतीनंतर योनक धम्मरक्खित थेर अपरांतकात गेले. अपरांत म्हणजे कोकण. सबब ते आमच्या भागात आले. यांतील पहिले विधान महावंसाचे आहे, दुसरे अर्वाचीन संशोधकांचे आहे आणि तिसरे ज्याचे त्याचे आहे. हा 'आमचा भाग' लेखकागणिक बदलतो. कोणी तो वसईकडे दाखवितो, कोणी महाडकडे, तर कोणी थेट गोमंतकात. या वादात कोणाची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. ज्या ग्रंथांच्या आधारे तो चालतो, ते ग्रंथ प्रत्यक्षात काय सांगतात एवढेच पाहावयाचे आहे.

महावंसाच्या बाराव्या परिच्छेदात धम्मप्रचारासाठी पाठविलेल्या थेरांची यादी आहे. तीत अपरांतक, महारट्ठ आणि वनवास हे तीन प्रदेश स्वतंत्र असून तिन्हींकडे वेगवेगळे थेर गेले. महारट्ठाकडे महाधम्मरक्खित गेले, वनवासाकडे रक्खित. वनवास म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासीचा परिसर, हे बहुतेकांना मान्य आहे. तेव्हा या यादीपुरते पाहिले तर अपरांतकाची पूर्वेची बाजू महारट्ठाने आणि दक्षिणेची वनवासाने अडविली आहे. उत्तरेस मात्र यादी काहीच सांगत नाही. असे असता कार्ले येथील यवन दात्यांचे लेख योनक धम्मरक्खितांच्या कार्याचे फळ म्हणून सर्रास दाखविले जातात. कार्ले घाटमाथ्यावर आहे. महावंसाचा आधार घ्यावयाचा तर ते महारट्ठात पडते, आणि त्या लेखांचा काळ थेरांच्या काळानंतर दोन-तीन शतकांचा आहे. दोघेही 'यवन' एवढ्या साम्यावर ही जोडणी उभी आहे. एका थेराचे नाव दुसऱ्याच्या नावात सामावलेले असल्याने घोटाळा वाढतो हे खरे. पण ग्रंथकाराने दोन नावे दिली ती दोन व्यक्ती म्हणूनच दिली.

संशोधकांचे आपसातील मतभेदही लहान नाहीत. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी अपरांत म्हणजे उत्तर कोकण आणि शूर्पारक ही त्याची राजधानी असे मानले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जवळजवळ सारी कोकणपट्टी त्यात घेतली. फ्लीट यांनी १९१० मध्ये कोकणाच्या जोडीला उत्तर गुजरात, काठेवाड, कच्छ आणि सिंधही त्यात घातले. फ्लीट यांचे मत आम्हास मान्य होण्यासारखे नाही; निदान इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापुरते तरी नाही. गौतमी बलश्रीचा नाशिक येथील लेख पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील आहे. त्यात तिच्या पुत्राच्या सत्तेखालील देशांमध्ये सुरठ वेगळा आणि अपरांत वेगळा आहे. रुद्रदामनाच्या जुनागढ लेखात (शक ७२, म्हणजे इ. स. १५०) सुराष्ट्र, कच्छ, सिंधु-सौवीर आणि अपरांत ही नावे पुन्हा स्वतंत्रपणे येतात. सातवाहन आणि क्षत्रप हे एकमेकांचे वैरी. दोघांनीही अपरांत आपला म्हटला, पण त्यात सुराष्ट्र मिसळले नाही. वैऱ्यांची अशी एकवाक्यता हा चांगला पुरावा समजावा.

तथापि 'अपरांत म्हणजे कोकण' हे समीकरणही निर्वेध नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत अपरांतक पश्चिमेच्या देशांत ठेवला आणि कोंकण दक्षिणेच्या. सहाव्या शतकातील या जाणत्या ज्योतिषाच्या लेखी ती दोन नावे एकाच भूमीची नव्हती. कालिदासाच्या चौथ्या सर्गात रघू सह्य ओलांडून अपरांताकडे वळतो, तेव्हा त्याच ओघात केरळच्या स्त्रिया आणि मुरला नदी येतात. म्हणजे येथे अपरांत पार दक्षिणेस उतरला. अशोकाच्या पाचव्या शिलाशासनात तर हा शब्द योन, कंबोज, गंधार, राष्ट्रिक इत्यादींच्या पाठोपाठ 'आणि इतर जे अपरांत' अशा अर्थाने अनेकवचनी आला आहे. तेथे तो एका देशाचे नाव आहे की पश्चिम सरहद्दीवरील लोकांचा सामान्य निर्देश आहे, हा प्रश्न मोकळाच राहतो.

या विसंगतीचे कारण आमच्या मते शब्दातच आहे. अपर म्हणजे पश्चिम आणि अंत म्हणजे टोक. हे नाव तेथे राहणाऱ्यांनी स्वतःस दिलेले दिसत नाही. मध्यदेशात बसून पश्चिमेकडे पाहणाऱ्याने दिलेले आहे. पाहणारा जेथे उभा, त्याप्रमाणे टोक सरकते. सीमा काटेकोरपणे सांगण्याची पालि वाङ्मयास सवय नव्हती असेही नाही. संघकर्मासाठी सीमा बांधताना पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी आणि जलाशय अशी आठ निमित्ते विनयाने घालून दिली आहेत. महावग्गात मज्झिमदेशाच्या कडाही पूर्वेस कजंगल आणि पश्चिमेस थूण अशा गावांच्या नावांनिशी दिल्या आहेत. अपरांतकास अशी कड कोणी दिली नाही, कारण कोणा भिक्खूचे विनयकर्म तिच्यावर अवलंबून नव्हते.

सुनापरांताची गोष्ट याहून बोलकी आहे. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात पुण्ण थेर सुनापरांतास जावयास निघतात, आणि तेथील लोक चंड व कठोर आहेत, ते शिव्या देतील, मारतील, ठार करतील, असे भगवान बुद्ध त्यांस बजावतात. थेरगाथेच्या अट्ठकथेनुसार पुण्ण हे सुनापरांतातील सुप्पारक पत्तनाचे, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचे. दिव्यावदानात मात्र पूर्ण शूर्पारकाचा असून श्रोणापरांतक हा त्याला नंतर जावयाचा वेगळा देश आहे. म्हणजे एका परंपरेत सोपारे त्या कठोर लोकांच्या देशात पडते, दुसरीत त्याच्या बाहेर. उदानात बाहिय दारुचीरिय सुप्पारकास समुद्रतीरी राहतो एवढेच म्हटले आहे. देशाचे नाव नाही.

येथे एक गोष्ट आमच्या लक्षात येते. धम्मरक्खितांच्या उपदेशाने ३७,००० जणांस धम्मामृत देणारा अपरांतक सर्वांना आपला हवा असतो. पुण्णास मारावयास उठणाऱ्या लोकांचा सुनापरांत आपल्याकडे कोणी मागत नाही. ब्रह्मदेशाने मात्र तोही मागितला. तेथील परंपरेने सुनापरांत इरावतीच्या पश्चिम तीरावर नेला, राजांनी तो आपल्या बिरुदात मिरविला, आणि अट्ठकथेत नर्मदेकाठी व सच्चबद्ध पर्वतावर सांगितलेली बुद्धाची पदचिन्हे मिन्बूजवळच्या श्वेसेत्तॉ येथे दाखविली. पञ्ञासामींचा सासनवंस (१८६१) अपरांताचा सासन-इतिहास म्हणून ब्रह्मदेशाचाच इतिहास सांगतो. त्याच सच्चबद्ध पर्वतावर सयाममधील सराबुरीच्या पदचिन्हाचाही हक्क आहे. भूगोल म्हणून हे टिकणारे नाही. आमच्याकडील विद्वान त्यास हसतात. पण लेण्याच्या पायथ्याशी फलक लावून थेरांस त्या गावी आणणारे आमचे लेखक याहून निराळे काय करतात, हे आम्हास कळत नाही. सासनवंसकाराने निदान आपल्या देशाची संपूर्ण थेरपरंपरा त्या नावामागे उभी केली.

आजच्या कोकणाचीही कथा फारशी निराळी नाही. शासनाच्या कोकण विभागात मुंबईचे दोन्ही जिल्हे येतात, २०१४ साली निराळा झालेला पालघरही येतो; तरी गणपतीला मुंबईहून निघालेला चाकरमानी 'कोकणात चाललो' असेच म्हणतो, आणि तळकोकणातील मनुष्य पालघरास कोकण म्हणताना अडखळतो. शिलाहारांच्या काळीही उत्तरेचे कोकण १४०० गावांचे आणि दक्षिणेचे ९०० गावांचे असे मोजले जाई. सप्तकोंकणाच्या एका यादीत तर केरळाबरोबर करहाट, म्हणजे घाटावरचे कराड, येऊन बसले आहे. ज्या नावाखाली आज नांदणाऱ्यांचे एकमत होत नाही, त्याची रेघ दोन हजार वर्षे मागे ओढून अशोककालीन नकाशा रंगविणे धाडसाचे आहे.

या सगळ्या मतांतून एकच स्थान जवळजवळ सर्वांच्या अपरांतात राहते, ते सोपारे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. ज्यात अपरांत हा शब्द आहे, ते पाचवे शिलाशासन सोपाऱ्यास मिळालेले नाही.