अमेरिकन वृत्तपत्रांचे माफीनामे

लेक्सिंग्टन हे अमेरिकेतील केंटकी राज्यातले शहर. तेथील ‘हेराल्ड-लीडर’ या दैनिकाने ४ जुलै २००४ रोजी पहिल्या पानावर एक छोटीशी दुरुस्ती छापली. दैनिकात दुरुस्त्या नेहमीच येतात. कोणाचे आडनाव चुकलेले असते, कोणाचे वय. ही दुरुस्ती वेगळी होती. नागरी हक्कांच्या चळवळीच्या बातम्या देणे आपल्या पत्राकडून राहून गेले हे संपादकांच्या लक्षात आले आहे, त्याबद्दल दिलगिरी आहे, असा तिचा आशय होता. नागरी हक्कांचा कायदा झाला १९६४ साली. म्हणजे ही गोष्ट लक्षात यायला चाळीस वर्षे लागली.

या चार ओळींचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते अगदीच अस्थानी नव्हते. परंतु समीक्षेने कौतुकापाशी थांबून चालत नाही. ‘राहून गेले’ या शब्दांची जरा तपासणी केली पाहिजे. भाजीत मीठ घालायचे राहून जाते. आपल्याच शहरातील उपाहारगृहात काळी तरुण मुले बाकावरून उठत नाहीत, रस्त्यावर मोर्चे निघतात, आणि वर्षानुवर्षे त्याची बातमी पहिल्या पानावर येत नाही, याला राहून जाणे म्हणत नाहीत. तो निर्णय असतो. लेक्सिंग्टनच्या त्या वेळच्या पत्रांत काळ्या वस्तीच्या बारशा-बारावाच्या वार्तांसाठी स्वतंत्र सदर होते. काळी माणसे वृत्तपत्राला दिसत नव्हती असे नाही. त्यांनी कोठे दिसावे हे ठरलेले होते. सदरात त्यांना जागा होती, राजकारणाच्या पानावर नव्हती.

त्यानंतर अशा माफीनाम्यांची रांगच लागली. २६ एप्रिल २०१८ रोजी मॉंटगोमेरी येथे झुंडबळींचे स्मारक खुले झाले. चार हजारांहून अधिक बळींची नावे तेथे कोरलेली आहेत. त्याच दिवशी तेथील ‘ॲडव्हर्टायझर’ने, आपण या हत्यांच्या बातम्या मारेकऱ्यांच्या बाजूने दिल्या, अशी कबुली अग्रलेखातून दिली. २०२० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने आणि ‘कॅन्सस सिटी स्टार’ने, २०२२ साली ‘बाल्टिमोर सन’ने माफी मागितली. इतकी पत्रे एका सुरात माफी मागू लागली की वाचकाने भारावून जाऊ नये. माफी कशाची आणि कोणाकडे, हे पाहावे.

या सर्वांत ‘स्टार’चा माफीनामा मला अधिक प्रामाणिक वाटतो आणि त्याचे कारण त्याची भाषा नसून पद्धत आहे. त्या पत्राच्या वार्ताहरांनी आपल्या जुन्या फायली काढल्या आणि त्यांच्या शेजारी त्याच शहरातील काळ्यांच्या ‘कॉल’ या पत्राच्या फायली ठेवल्या. एकच शहर, एकच तारीख, दोन पत्रे. मग जे दिसायचे ते दिसले. १९७७ साली त्या शहरात पूर आला, त्यात पंचवीस माणसे मेली, त्यांपैकी आठ काळी होती. ‘स्टार’ची पाने श्रीमंतांच्या बाजारपेठेतील दुकानांच्या नुकसानीने भरलेली होती, मेलेल्या माणसांना त्या मानाने जागा नव्हती. त्याच शहरात वाढलेल्या चार्ली पार्कर या जगप्रसिद्ध वादकाला या पत्राने ठळक मथळा दिला तो तो १९५५ साली मेला तेव्हा, आणि त्यातही नाव चुकीचे आणि वय चुकीचे.

१९७७ ची ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. देशभर लोक रस्त्यावर आले. काळ्यांचे जीव मोलाचे आहेत ही त्यांची घोषणा होती. आठवडाभरातच ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने या घोषणेची नक्कल करून, इमारतीही मोलाच्या आहेत, असा मथळा छापला. पत्रातील काळ्या व इतर वर्णांच्या पत्रकारांनी काम थांबवले आणि संपादकाला जावे लागले. कॅन्ससच्या पुरात दुकाने, फिलाडेल्फियाच्या आंदोलनात इमारती. मधे त्रेचाळीस वर्षे गेली, परंतु मालमत्ता आणि माणूस यांचा तराजू तोच राहिला. हा मथळा लिहिणारा कोणी दुष्ट असेलच असे नाही. त्याला तो चटकदार वाटला असेल. आपल्या पानावर काय मोलाचे हे ज्या सवयीने ठरते, ती सवय चटकदारपणातून बाहेर पडते इतकेच.

आता मथळ्याकडून वाक्याकडे येऊ. फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर मिनिआपोलिस पोलिसांनी जे पहिले निवेदन काढले, त्याचे शीर्षक अशा अर्थाचे होते, की पोलिसांशी संबंध आला असता वैद्यकीय कारणाने एका इसमाचा मृत्यू झाला. या वाक्यात पोलीस आहेत, इसम आहे, मृत्यू आहे, मारणारा नाही. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझर या मुलीने आपल्या फोनवर ते सर्व टिपले नसते, तर हेच वाक्य बातमी म्हणून छापले गेले असते आणि फाइलीत जाऊन बसले असते. २०२१ साली पुलित्झर मंडळाने तिचा विशेष सन्मान केला. हा सन्मान योग्यच आहे. पण पत्रकारितेचे सर्वोच्च पारितोषिक देणाऱ्या संस्थेने रस्त्यावरच्या एका शाळकरी मुलीला गौरवावे, यात त्या व्यवसायावरचा ठपकाही आहे.

कर्त्यावाचूनचे वाक्य ही शोषकांची आवडती रचना आहे. ‘गोळी चालली’, ‘तणाव निर्माण झाला’, ‘जमाव प्रक्षुब्ध झाला’. अमेरिकन वार्ताहर अशा वाक्याला तटस्थता म्हणतो. दोन्ही बाजू दिल्या की काम झाले, असे त्याला शिकवलेले असते. पण एक बाजू पोलीस ठाण्यातून छापील निवेदन पाठवते आणि दुसरी बाजू शवागारात असते. मग दोन्ही बाजू समान कशा होणार? प्रत्यक्षात पहिली बाजू बातमी होते आणि दुसरी बाजू ‘नातेवाइकांचा आरोप’ होते.

हे कोणाला आधी कळले नव्हते असे नाही. १९६७ च्या दंगलींनंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी केर्नर आयोग नेमला. आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तपत्रांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. वृत्तसृष्टी गोऱ्यांच्या नजरेने पाहते आणि गोऱ्यांसाठी लिहिते, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकीय कामात काळी माणसे पाच टक्क्यांहून कमी आणि संपादक वा पर्यवेक्षक म्हणून एक टक्क्याहूनही कमी, असे आकडे त्याने दिले. १९७८ साली अमेरिकन संपादकांच्या संघटनेने संकल्प सोडला, की २००० सालापर्यंत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतील अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येच्या बरोबरीला आणू. ते जमत नाही असे दिसल्यावर १९९८ साली तीच मुदत २०२५ वर नेली. २०२२ मध्ये प्यू संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत पत्रकारांमध्ये काळ्यांचे प्रमाण सुमारे सहा टक्के आढळले. देशातील एकूण कामकऱ्यांत ते अकरा टक्के होते. चोपन्न वर्षांची प्रगती ही एवढी.

आणि माफी मागणाऱ्यांच्या घरात पुढे काय झाले? २०२० साली माफी मागणाऱ्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने जानेवारी २०२४ मध्ये शंभरावर पत्रकारांना कमी केले आणि त्यात काळ्या, लॅटिनो व आशियाई पत्रकारांवर अधिक घाव पडला, अशी तेथील कामगार संघटनेची तक्रार होती. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत संपादक मंडळाने पाठिंब्याचा लेख तयार करायला घेतला, तो मालकाने अडवला. माफीनाम्यावर सही संपादकांची असते आणि छापखान्याची किल्ली मालकाकडे असते. हे ज्या माफीनाम्यात लिहिलेले नाही तो माफीनामा अपुरा आहे.

मग खरी पत्रकारिता कोणती? आयडा बी. वेल्स यांच्याकडे पाहावे. गुलामीत जन्मलेली ही स्त्री मेम्फिस येथे ‘फ्री स्पीच’ हे पत्र चालवीत होती. मार्च १८९२ मध्ये तेथे तीन काळ्या माणसांना झुंडीने मारले. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी काढलेले किराणा दुकान चांगले चालत होते आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराला ते सलत होते. झुंडबळी हा स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणासाठी घेतला जातो, हे त्या काळच्या मोठ्या पत्रांचे ठरलेले स्पष्टीकरण होते. वेल्स यांनी एकेक प्रकरण तपासले आणि दाखवून दिले, की बळींपैकी सुमारे दोन तृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोपदेखील नव्हता. मे महिन्यात त्या परगावी असताना जमावाने त्यांची कचेरी उद्ध्वस्त केली. परत आलात तर जीव जाईल अशी धमकी आली. त्या थांबल्या नाहीत. १८९५ साली त्यांनी झुंडबळींची जी सविस्तर नोंद प्रसिद्ध केली, तिच्यातील आकडे त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या पत्रातून घेतले. कोणी ते पक्षपाती म्हणू नये म्हणून! प्रस्थापितांच्याच कागदातून प्रस्थापितांचे खोटे काढून दाखवायचे, ही रीत आहे.

वेल्स १९३१ साली वारल्या. पुलित्झर मंडळाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला तो २०२० साली. म्हणजे ज्यांना त्यांच्या हयातीत प्रचारक म्हटले गेले त्यांची माहिती खरी होती, आणि जे स्वतःला तटस्थ म्हणत होते ते आज माफी मागत आहेत. तटस्थता आणि पक्षपात यांचा निवाडा लेखनाच्या सुरावरून करू नये, हा यातून निघणारा सिद्धान्त आहे. वेल्स यांचा सूर संतप्त होता, पण तथ्य पक्के होते. मोठ्या पत्रांचा सूर शांत होता आणि तथ्य गाळलेले होते.

दुसरे उदाहरण एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत त्याला ठार मारले. आईने शवपेटी उघडी ठेवली आणि ‘जेट’ या काळ्यांच्या साप्ताहिकाने त्या चेहऱ्याचे छायाचित्र छापले. गोऱ्या ज्युरीने तासाभराच्या आसपास विचार करून आरोपींना सोडले. पुढे जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ या बड्या पाक्षिकाने सुटलेल्या दोघांना पैसे देऊन त्यांचा कबुलीजबाब छापला. एकदा सुटल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा खटला होणार नव्हता. एका पत्राने आईच्या इच्छेने पुरावा छापला, दुसऱ्याने मारेकऱ्याला मोबदला देऊन मजकूर मिळवला. दोन्ही प्रकाशनांनी घटना लोकांपुढे आणली. पण सत्य कोणाच्या बाजूने उभे केले, हा प्रश्न उरतोच.

काळ्यांच्या पत्रांना देव्हाऱ्यात बसवण्याचे मात्र कारण नाही. तीही जाहिरातींवर जगली, त्यांतही मध्यमवर्गीयांच्या लग्नसमारंभांची पाने होती. १९०५ पासून चालत आलेल्या ‘शिकागो डिफेंडर’ने जुलै २०१९ मध्ये छापील अंक बंद केला. ‘जेट’ काढणारी संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली आणि तिचा छायाचित्रांचा संग्रह तीन कोटी डॉलरला मोठ्या धर्मादाय संस्थांनी घेतला. संग्रह वाचला हे बरे झाले. पण मोठी पत्रे माफी मागायला जगली आणि ज्यांनी खरे छापले ती मोडीत निघाली, हेही नोंदवले पाहिजे.

आमच्या वाचकांना हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतून घेतले, हे सर्वांना माहीत आहे. उलट दिशेने आलेला एक प्रश्न मात्र फारसा सांगितला जात नाही. १९९६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतील प्रतिनिधी केनेथ कूपर हे काळे पत्रकार होते. एका विषयावर दलित पत्रकाराचे मत घ्यावे म्हणून त्यांनी बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांकडे नाव विचारले. उनियाल यांना एकही नाव आठवेना. त्यांनी सरकारमान्य वार्ताहरांची ६८६ नावांची यादी तपासली, फोन केले. दलित सापडला नाही. त्यांनी हे ‘पायोनियर’मध्ये १६ नोव्हेंबर १९९६ रोजी लिहिले. केर्नर आयोगाला निदान एक टक्का मोजता आला होता. आपल्याकडे मोजणी करावी हे सुचायलाच परदेशातील काळा माणूस यावा लागला.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. त्या वर्षीच्या ‘केसरी’च्या फायली वाचणाऱ्याला ‘मूकनायक’च्या जन्माची ती जाहिरात सापडणार नाही. येथेच आजच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न येतो. विद्यापीठांत दलित चळवळीवर प्रबंध लिहिले जातात आणि मार्गदर्शक सांगतात, दैनिकांच्या फायली पाहा. विद्यार्थी पाहतो. तेथे मोर्चा नसतो, म्हणून प्रबंधात मोर्चा येत नाही. तेथे ‘दोन गटांत हाणामारी’ असते, म्हणून प्रबंधातही हाणामारीच येते. लेक्सिंग्टनचे ‘राहून गेले’ अशा रीतीने इतिहास होते. १९७८ पासून १९९४ पर्यंतच्या नामांतर लढ्यावर लिहिणाऱ्याने मोठ्या दैनिकाच्या प्रत्येक फायलीशेजारी चळवळीची पत्रके, अनियतकालिके आणि ज्यांची घरे जळली त्यांचे तोंडी निवेदन ठेवले नाही, तर त्याचे संशोधन संपादकाच्या निर्णयाची नक्कल ठरेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी बातमी वाचताना, ती अमेरिकेतील असो वा तालुक्याची, तीन प्रश्न विचारावेत. या वाक्यातील कर्ता कोठे गेला? पहिली माहिती कोणी दिली? नुकसान कशाचे मोजले आहे, वस्तूंचे की माणसांचे? आणि गावात काही घडले तर तारीख, नावे, साक्षी लिहून ठेवाव्यात. स्थानिक शाळेतील शिक्षकाला हे काम सहज करता येईल. पन्नास वर्षांनी कोणी माफी मागायला आलाच, तर त्याने नेमकी कशाची माफी मागायची, हे दाखवणारा कागद तेव्हा आपल्याकडे असला पाहिजे.